खपली पडेपर्यंत

घरात कोण कोण असतं, हे विचारायला काय लागतं? बसमध्ये शेजारी टेकलेली बाई विचारते, गॅसवाला विचारतो, खोली भाड्यानं द्यायची तर घरमालक आधी तेच विचारतो. विचारणाऱ्याच्या खिशातलं काही जात नाही. पण रत्नमाला सिस्टरला एकदा हा प्रश्न दिवसभर माणसामागून माणसाला विचारावा लागला, आणि दुपारच्या चहापर्यंत तिला तो अगदी नकोसा झाला.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एक सरकारी आरोग्य केंद्र आहे. खाली दवाखाना, वर लांबट हॉल, आणि जिन्यात कायम कोणाची तरी चप्पल हरवलेली. रत्नमाला तिथली थोरली नर्स. नोकरी सगळी खेड्यांत गेली, वैजापूरकडं, पैठणकडं. शहरात बदली मिळाली ती निवृत्ती तोंडावर आल्यावर. म्हणजे ज्या वयात माणसं ओळखीच्या खुर्चीत पाठ टेकतात, त्या वयात ही केंद्रात नवी. कामाला वाघीण, बोलायला मोजकी. बजाजनगरात राहते आणि सिटी बसनं येते, एवढंच तिच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक. त्यापुढं कोणी विचारलं नाही, अन् तिनं सांगितलं नाही.

तर वरून एक आदेश आला. देवीच्या रोगाची तयारी करा. आता देवी म्हटल्यावर नव्या पोरींनी एकमेकींकडं बघितलं. तो रोग जगातून हद्दपार होऊन जमाना झाला, त्याची लस टोचायचंही बंद झालं. पण उद्या तो कुठल्या प्रयोगशाळेतून निसटला, नाहीतर कोणी मुद्दाम सोडला, तर? तेव्हा रोग्याच्या अंगाला पहिला हात लावणार दवाखान्यातलीच माणसं. म्हणून त्यांच्यातली एक पहिली तुकडी आधी निवडून ठेवायची, वेळ आली तर त्यांना लस टोचायची आणि त्यांनाच पुढं धाडायचं.

यात एक मेख होती. ही लस बाकीच्या लसींसारखी नाही. टोचल्या जागी फोड येतो, पिकतो, त्यावर खपली धरते, आणि ती खपली पडेपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, त्या फोडातून लसीतला जिवंत विषाणू जवळच्या माणसाला लागू शकतो. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही. पण तान्हं लेकरू, पोटुशी बाई, किंवा ज्याच्या अंगावर इसब आहे असं कोणी असलं, तर त्याच्या जिवावर बेतायचं. म्हणून केंद्राच्या डॉक्टर तनुजा मॅडमनी ठरवलं, ज्याच्या घरात असं कोणी नाही त्यालाच तुकडीत घ्यायचं. लहानपणी देवी टोचलेली जुनी माणसं असतील तर आणखी बरं, त्यांना लसीचा त्रास कमी.

"सिस्टर, तुम्हीच विचारा एकेकाला," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याशी लोक खरं बोलतात."

मॅडम पस्तिशीच्या, हुशार, आणि मनानं सरळ. त्यांचं हे वाक्य रत्नमालाला पुढं लई दिवस टोचत राहिलं.

वरच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं आणि विचारणं सुरू झालं. सफाईचं काम करणाऱ्या आवडाबाईपासून सुरुवात.

"माझं काय विचारता बाई!" आवडाबाईनं पदरानं वारा घेतला. "दोन सुना, चार नातवंडं, धाकटीला आता सातवा लागलाय. रातच्याला पाय पसराया जागा नाय."

हॉल हसला. आवडाबाई बाद.

मग बद्रीनाथ. लसीची गाडी चालवतो, तोंड सतत चालू. तो म्हणाला, "आपल्या पोरीला इसब हाय, सिस्टर. कोपराच्या लवणीत. हिवाळा आला की खाजवू-खाजवू रक्त काढती. आईजवळ झोपत नाय, मलाच चिकटून झोपती."

बद्रीनाथ बाद. असं करत करत माणसं गळत गेली. कोणाच्या घरी बहीण बाळंतपणाला आलेली, कोणाची म्हातारी आई कॅन्सरच्या औषधावर, कोणाचं जुळं नुकतं रांगायला लागलेलं. आणि गंमत बघा, सांगताना सगळे तक्रारीच्या सुरात सांगत होते. जागा नाही, झोप नाही, पैसा पुरत नाही. पण तोंडं पाहिली असतीत तर कळलं असतं, एकालाही आपलं घर रिकामं नको होतं. रत्नमाला ऐकत होती अन् मान हलवत होती. सगळ्या गावाची लग्नाची पंगत वाढावी आणि आपल्याला ताटच नसावं, तसं तिला वाटायला लागलं.

नाही म्हणायला काही जण निघाले. दोन कंपाउंडर, एक ब्रह्मचारी लॅबवाला, निवृत्तीला आलेले तिघं-चौघं. फक्त बायकांच्या कक्षासाठी एक नर्स हवी होती.

तेवढ्यात बद्रीनाथ म्हणाला, "अन् तुमचं काय सिस्टर? अख्ख्या केंद्राची घरं झाडून काढली, तुमचं राहिलंच की!"

साधा प्रश्न. तिनं दिवसभर तोच विचारलेला. उत्तर दोन शब्दांचं, 'कोणी नाही'. तिनं तोंड उघडलं. समोर साठ माणसं, प्रत्येकाच्या मागं भरलेलं घर. आणि तिला लाज वाटली. कसली लाज, हे तिला आजही धड सांगता यायचं नाही. चोरी केली नव्हती, कोणाचं काही बुडवलं नव्हतं. तरी कान तापले.

"नातू आहे," ती म्हणाली. "दीड वर्षाचा. त्यालाही इसब आहे."

"अगं बाई! आन् बोलला नाय कधी?" आवडाबाई एकदम पुढं सरकली. "नाव काय?"

"सिद्धार्थ. सिद्धू म्हणतो घरात."

नाव अडखळल्याशिवाय आलं, कारण ते तिच्याकडं किती वर्षांपासून पडून होतं. दुसरा मुलगा झाला असता तर ठेवायचं म्हणून.

"मग तुम्हीही नाही," मॅडम म्हणाल्या. "अरेरे, तुमच्या दंडावर तर देवीचे दोन वण आहेत. बरं, असू दे. रूपाली, तुझ्या घरी?"

रूपाली म्हणजे त्यांच्यातली तरुण नर्स. लग्नाला तीन वर्षं झालेली, सासर गंगापूरकडं, इथं नवरा-बायको दोघंच.

"आम्ही दोघंच, मॅडम."

"बाकी काही नाही ना?"

"नाही," रूपाली फरशीकडं बघत म्हणाली, आणि रत्नमालाच्या जागी तिची निवड झाली.

आता खरं काय ते सांगतो. रत्नमालाचा मुलगा राजकुमार आणि त्याची बायको ऑस्ट्रेलियात, सिडनीला. मूलबाळ नाही, इतक्यात नको असं त्यांचं ठरलेलं. रविवारी फोन येतो. इकडं ऊन आहे का, तिकडं थंडी आहे का, गोळ्या घेतेस का. झालं. राजकुमारचे पप्पा वाळूजला कंपनीत होते, ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हा रत्नमालाची ड्युटी कोविड वॉर्डातच होती. घरात तो रोग कोणी आणला हे तिला कोणीही विचारलं नाही. तिनं स्वतःला मात्र विचारायचं सोडलं नाही. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टीव्ही, आणि एक खुर्ची जिच्यावर आता इस्त्रीचे कपडे बसतात. एवढा तिचा संसार.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं होतं, मॅडमना गाठायचं आणि खरं सांगून टाकायचं. पण केंद्रात पाय ठेवला न ठेवला तोच आवडाबाईनं हाक मारली.

"सिद्धू कसा हाय? रातच्याला झोपला का? खोबरेल लावा बाई, साबण बंद करा बघू."

सांगा, यावर माणूस काय करणार! इतके महिने त्या जिन्यात तिला 'सिस्टर, चावी कुठं आहे' याशिवाय कोणी काही विचारलं नव्हतं. तिच्या तोंडून निघालं, "झोपला. पहाटे जरा रडला."

मग काय, खोट्याला पाय फुटले, सिद्धूलाही फुटले. तो चालायला लागला. त्यानं भिंतीवर रेघोट्या मारल्या. त्याला भेंडी आवडेना. डबा खाताना बायका तिला मधे बसवून घ्यायला लागल्या. बद्रीनाथ इसबाच्या मलमाचं नाव सांगून गेला आणि लागू पडलं का म्हणून रोज विचारायला लागला. कोणी फोटो मागितला तर ती म्हणायची, "नको, नजर लागते." वस्तीतले लोक 'देवी कोपेल' म्हणून लेकरं लपवत होते तेव्हा जिच्या बापानं 'कसली देवी अन् कसलं काय, रोग हाय तो' म्हणत पोरीला खांद्यावर घालून टोचून आणलं, ती बाई आता नजरेच्या गोष्टी करायला लागली! तिचं तिलाच हसू यायचं. बसमध्ये बसली की ते हसू जायचं.

एके दिवशी आवडाबाईनं कागदाची पुडी तिच्या हातात दिली. आत मलमलचं झबलं. "गुलमंडीच्या बाजारातनं मऊ कापड आणलं. सुनेनं शिवलं. इसबाच्या अंगाला टोचाया नको म्हून."

रत्नमालानं ते घरी नेलं, कपाटात ठेवलं आणि दार लावून ढसाढसा रडली. उद्या सांगते, उद्या सांगते करत दिवस गेले. आणि तसं कोणाचं काही अडलंही नव्हतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब. ही देवीची तयारी कागदावरच राहणार, लस काय येत नाही, हे शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे धरून चालले होते.

आणि लस आली.

कुठं रोग निघाला नव्हता. वरच्यांनी फक्त ठरवलं की वेळ आल्यावर धावाधाव नको, पहिली तुकडी आधीच टोचून तयार ठेवा. शुक्रवारी दुपारी निरोप आला, सोमवारी टोचायचं. बातमी ऐकून केंद्रात एकच कालवा झाला. बद्रीनाथनं भजी आणली, म्हणाला, पहिल्या तुकडीचा मान हाय, खाऊन घ्या. रूपालीनं भज्यांचा वास आला तशी ओढणी नाकाला लावली आणि मागच्या दारानं निघून गेली.

रत्नमालानं आयुष्यात शेकडो बाळंतपणं केलेली. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती. ती मागोमाग गेली. लसीच्या फ्रीजच्या खोलीमागं नळ होता, तिथं रूपाली वाकून उभी होती.

"कितवा?" रत्नमालानं विचारलं.

रूपालीनं तोंड पुसलं. नाही म्हणायला गेली, पण नजर चुकवता येईना. "तिसरा चालू आहे, मावशी."

"येडी का काय तू! त्या दिवशी विचारलं तेव्हा नाही कशाला म्हणालीस?"

"सगळ्यांसमोर विचारलं तुम्ही!" रूपालीचा आवाज फुटला. "मागच्या खेपेला तुम्ही इथं नव्हता. तेव्हा ह्यांनी दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले. अख्ख्या केंद्रानं खाल्ले. अन् पंधरा दिवसांत गेलं. मग रोज एकेक जण येऊन पाठीवरून हात फिरवायचा. मला पेढेवाल्याच्या दुकानावरून जाववत नाही अजून. तीन महिने सरल्याशिवाय बोलायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलंय. आता मलाही तेच वाटतं. अन् मला वाटलं हे कागदावरच राहील."

"आता तरी मॅडमना सांग. त्यांच्या पोटात राहील."

"राहील हो. पण सोमवारी माझं नाव काढलं की आवडाबाईला कळायला किती वेळ लागतो? लग्न झालेली पोरगी लसीतून काढली म्हणजे दुसरं काय असतं?" तिनं नळ घट्ट बंद केला. "जाऊ द्या. टोचून घेते. होईल ते होईल."

"खबरदार!" रत्नमाला इतक्या जोरात म्हणाली की आतून कोणीतरी 'काय झालं' म्हणून ओरडलं. "खबरदार असलं बोलशील तर. मी बघते काय करायचं ते."

शनिवार-रविवार तिनं त्याच विचारात घालवले. रूपालीचं म्हणणं खरं होतं. पोरीला काढायचं तर तिच्या जागी उभं राहायला दुसरं कोणीतरी हवं, म्हणजे कोणाची नजर तिच्या पोटाकडं जाणार नाही. आणि अख्ख्या केंद्रात तसं माणूस एकच होतं. पण त्या माणसाला दीड वर्षाचा नातू होता ना! शेवटी तिनं तोड काढली. एका खोट्याला दुसरं खोटं. नातवाला आजोळी पाठवते म्हणायचं.

सोमवारी हॉलमध्ये सगळे जमले. टेबलावर लसीचा डबा, शेजारी देवी टोचायची दोन टोकांची बारीक सुई. रत्नमाला उठली.

"मॅडम, रूपालीऐवजी मला घ्या. मी जुनी, मला वण आहेत, बायकांचा कक्ष मी जास्त चांगला सांभाळीन. नातवाला महिनाभर सुनेच्या माहेरी पाठवते."

मॅडमनी लगेच मान हलवली. "नको, सिस्टर. तुमची इच्छा मोठी आहे, पण इसबाचं लेकरू आहे ते. तिकडं रडायला लागलं, परत आणलं, मग तुम्ही त्याला कडेवर न घेता राहाल? मलाही पोर आहे, मला माहीत आहे. असं मूल ज्या घरात आहे त्या घरातलं माणूस मी घेणार नाही. तुम्हीच तर हा नियम सगळ्यांना समजावलात."

"व्हय की!" मागून आवडाबाई म्हणाली. "लेकरू आजीबिगर ऱ्हाईल का?"

खोटं इतकं बेमालूम वठलं होतं की ते मोडायला दुसरं खोटं पुरेना. रत्नमालानं हॉलभर नजर फिरवली. शेवटच्या खुर्चीत रूपाली ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती, आणि दोन टोकांच्या सुईकडं बघत होती.

"मॅडम," रत्नमाला म्हणाली, "नातू नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. झालाच नाही. पोरगा अन् सून परदेशात असतात. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली. घरात कोणी नाही. सकाळी कुलूप मी लावते, संध्याकाळी मीच काढते."

बद्रीनाथ, ज्याच्या जिभेला हाड नाही, तो हळूच म्हणाला, "टोचायला भ्यालात व्हय सिस्टर?"

"नाही रे. टोचायला काय भ्यायचं." "तुम्ही सगळे घरातली माणसं सांगत होतात. मला लाज वाटली कोणी नाही म्हणायला. तोंडून निघून गेलं. मग तुम्ही त्याची विचारपूस करायला लागलात, अन् मला ते सोडवेना."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. "सिस्टर, हे चांगलं केलं नाहीत. तुमच्या भरवशावर मी हे काम केलं."

"व्हय, मॅडम. चुकलंच माझं."

"आन् झबलं?" आवडाबाईनं विचारलं. रागानं नाही, पण त्यापेक्षा रत्नमालाला चार शिव्या परवडल्या असत्या. "त्या झबल्याचं काय केलं, बाई?"

"ठेवलंय. जपून ठेवलंय."

मॅडमनी थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली, मग म्हणाल्या, "ठीक आहे. रूपाली, तू पुढच्या तुकडीत. सिस्टर, या इकडं." आणि हॉलमधले साठ जण रत्नमालाकडं बघत होते, त्यामुळं रूपालीकडं कोणी बघितलं नाही.

जुन्या वणांच्या खाली मॅडमनी स्वतः टोचलं. भराभर, एकाच जागी, थेंबभर रक्त येईपर्यंत. मग लेकरं येतात त्या दवाखान्यात आता यायचं नाही म्हणून रत्नमालाला खपली पडेपर्यंत घरी बसायला सांगितलं. जिना उतरताना कोणी हाक मारली नाही.

बजाजनगरात दिवस लांब असतात हे तिला पहिल्यांदाच कळलं. सकाळी कंपनीच्या बसेस माणसं भरून नेतात, गल्ली रिकामी होते, मग दुपारपर्यंत भाजीवाला सोडून आवाज नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दंड फुगला, काखेत गाठ आली, अंगात कणकण भरली. तिनं स्वतःलाच थर्मामीटर लावला, स्वतःच बघितला, अन् स्वतःलाच 'काही नाही, होतं असं' म्हणून सांगितलं. फोडावर पट्टी बांधायची तर दुसऱ्या हातानं अन् दातानं गाठ मारायची. केंद्राच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा येत होत्या, जेवणाचे फोटो येत होते. तिला कोणी काही विचारलं नाही. बरोबरच होतं त्यांचं.

रविवारी राजकुमारचा फोन आला. तिनं त्याला सगळं सांगितलं, न झालेल्या सिद्धूसकट. तो हसला. "आई, तू पण ना! कमाल आहेस." मग त्यानं विचारलं, ताप किती आहे, आणि त्याची मीटिंग सुरू झाली. तिला वाटलं होतं तो हसणार नाही. तिनं फोन टीव्हीवर ठेवला आणि भांडी घासायला घेतली, एक ताट, एक वाटी.

फोडावर खपली धरली. काळी, जाड, करकरीत. ती पडायची तिला काही घाई नव्हती. पडून तरी कोणाकडं जायचं होतं?

आणि एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला खाली स्कूटर थांबली. गॅलरीतून बघते तर रूपाली, नवऱ्याच्या मागं बसलेली, हातात डबा. उतरून ती सरळ फाटकाकडं निघाली.

"थांब!" रत्नमाला वरून ओरडली. "तिथंच थांब! एक पाऊल पुढं टाकलंस तर बघ!"

रूपाली फाटकाशी थबकली. "मावशी, फक्त पाया पडते."

"खपली आहे अजून! नर्स आहेस का कोण? मागं हो. अजून मागं. त्या कडुलिंबाखाली जा."

रूपाली हसत हसत लिंबाखाली जाऊन उभी राहिली. समोरच्या दोन घरांतल्या बायका दारात आल्या. रूपालीनं हात तोंडाशी धरले आणि ओरडून सांगितलं, "मावशी, तीन महिने सरले! काल सोनोग्राफी झाली. सगळं नीट आहे! कालचं अजून कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंना बी नाही. पहिलं तुम्हाला!"

रत्नमाला कठड्यावरून पुढं वाकली. डोळे भरून आले, समोरचं झाड दिसेना. "बरं झालं," ती म्हणाली, पण ते खालपर्यंत पोचलं नसावं. मग तिनं सगळा जोर लावून विचारलं, "गोळ्या घेतेस का वेळेवर?"

"घेते! धपाटे आणलेत, दही आहे. इथं भिंतीवर ठेवते. आम्ही गेल्यावर घ्या!"

"अन् आवडाबाईनं दिलेलं झबलं तुझं. तिला विचारून देईन. धुऊन, उन्हात घालून. पण आता नाही!"

"कधी?"

"खपली पडू दे!"

"मग मी येते, अन् घेऊन जाते. तोवर उद्या परत येऊन झाडाखाली उभी राहीन!" रूपालीनं डबा फाटकाच्या भिंतीवर ठेवला, लांबूनच वाकून नमस्कार केला आणि स्कूटरवर बसली.

शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "का हो, भांडण-बिंडण झालं का? एवढ्या लांबून आरडाओरडा करून बोललात ते."

"भांडण कशाचं? मला तिच्यापासून लांब राहायचंय. पोटुशी आहे ती."

"कोण लागते तुमची?"

या खेपेला मात्र रत्नमालाचे कान तापले नाहीत. ती खाली गेली, डबा घेतला, तो अजून गरम होता. घरात येऊन तिनं खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले, बसली, बाही वर केली आणि दंड खिडकीच्या उजेडात धरला. खपली होती तशी घट्ट बसलेली.

"पड की गं बये आता," ती खपलीवर खेकसली. "पोरगी वाट बघायलीय."